पाकीट उलटून बघणारे आपण

आमच्या घरात ‘बजेट’ हा शब्द दोनच ठिकाणी वापरला जातो. एक, महिन्याच्या बाजाराची यादी करताना. दुसरं, मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की. मुलाची फी भरताना तो कुणाच्या तोंडात येत नाही. लग्नाचा हॉल ठरवताना तर नाहीच नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला सत्तेचाळीस वर्षं लागली, आणि आली तीसुद्धा कोल्हापूरहून तेल-साबण घेऊन आलेल्या रात्री. या लेखात मी बऱ्याच जणांना बोलणार आहे, पण पहिला आरोपी मी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही उंब्रजचे नदाफ. बापजाद्यांचा धंदा कापूस पिंजायचा. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून तारळी खोऱ्यातली गावं पायी फिरायचे. वडिलांनी हायवेच्या कडेला गाद्यांचं दुकान टाकलं आणि मी त्याच जागेत गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. रस्त्याचं सहापदरीकरण चालू असल्यापासून दिवसातून चार वेळा दुकान झाडावं लागतं. वर्षाची कमाई आठ लाखांच्या बरीच खाली आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर जूनमधला शनिवार होता. बकरी ईद होऊन आठवडा झालेला. अम्मीच्या डोळ्यांची तपासणी कोल्हापूरला होती. तिथवर जातोच आहोत तर महिन्याचा बाजारही ‘डीमार्ट’मधून आणू, असं ठरलं. (आमच्याकडे टोपली घेऊन आत फिरायच्या कुठल्याही मोठ्या स्वस्त दुकानाला सरसकट डीमार्टच म्हणतात.) गाडी मी चालवत होतो, शेजारी अम्मी, मागे बायको, सुट्टीला आलेला मुलगा आणि यंदा बारावी झालेली मुलगी. सीईटीचा निकाल तोंडावर आला होता.

तासवड्याच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत थांबली तेव्हा बायकोनं विषय काढला. “हिच्या ॲडमिशनचं काय ठरवलंय?”

“ठरवायचं काय त्यात?” मी म्हणालो. “कराडला बी.एस्सी. करेल. सकाळी एसटीनं जाईल, संध्याकाळी घरात. तीन वर्षांत मोकळी.”

मागून मुलगी म्हणाली, “अब्बा, मी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरणारे. सांगलीचं वालचंद, पुण्याचं सीओईपी आणि कराडचं गव्हर्नमेंट. पर्सेंटाइल बघून क्रम लावीन.”

अम्मी म्हणाली, “इत्ता दूर कायको भेजने का छोरी को?”

आणि मी, समोरच्या ट्रकवरची नजर न काढता म्हणालो, “बजेटमध्ये बसत नाही बेटा. भाईजानची अजून दोन वर्षं आहेत.”

कराडचा कोल्हापूर नाका आला तोवर विषय संपला होता. पोरीच्या चार वर्षांचा फैसला दहा-बारा किलोमीटरमध्ये झाला. तिथून पुढे कोल्हापूरपर्यंत सव्वा तास आम्ही कशावर बोललो? तूरडाळ सुट्टी घ्यायची की पाकिटातली. साबणाचा चारचा संच परवडतो की पाचचा. मागच्या महिन्यात आणलेली चहापावडर कुणी संपवली. या चर्चेत पाचही जणांनी भाग घेतला, प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, दोनदा मतं बदलली. पेठ नाक्यावर सांगलीकडे रस्ता फुटतो. तिथला फलक मुलगी मान वळवून वाचत होती, ते मला आरशात दिसलं. मी न पाहिल्यासारखं केलं.

कोल्हापुरात डोळ्यांची डॉक्टर बाई होती. अम्मीनं ते आठ दिवस आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं, “बाईच आहे ना?” तपासणी झाल्यावर अम्मी खूश. किती हुशार, किती नरम बोलते, हात किती हलका. बाहेर येऊन तिनं दुवा दिली, “अल्ला उसके माँ-बाप को जन्नत दे, कित्ता पढाए पोरी को.” मी ‘आमीन’ म्हणालो. येताना गाडीत काय बोललो होतो ते आम्हा दोघांनाही आठवलं नाही.

जरा थांबून विचार करा. आपल्या मोहल्ल्यात कुठल्याही घरी विचारा, आईबहिणीला दाखवायला लेडी डॉक्टरच पाहिजे. मुलींच्या शाळेत शिक्षिका पाहिजे. बँकेत, तहसीलमध्ये बाई समोर असली की आपल्या बायकांना बरं वाटतं. म्हणजे शिकलेली बाई आपल्याला हवी आहे, रोज हवी आहे. फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिकलेली असावी, दुसऱ्या कुणाच्या तरी बापानं तिला होस्टेलला ठेवलेलं असावं. दुवा आपण देऊ, फी त्यांनी भरावी.

दुकानात तेलाच्या कप्प्यापाशी मी एका पिशवीवर हात ठेवला. बाजूच्या पिशवीपेक्षा आठ रुपयांनी स्वस्त होती. मुलीनं ती उलटी केली. “अब्बा, ही लिटरची नाही. आठशे पन्नास ग्रॅम लिहिलंय. लिटर म्हणजे साधारण नऊशे दहा ग्रॅम. ही महाग पडते.” खाली बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंमतही छापलेली होती. ती तिनं वाचायच्या आधीच तोंडी काढली होती. सगळा बाजार तिनं असाच केला. आम्ही टोपलीत टाकायचो, ती उलटून बघायची, अर्ध्या वस्तू परत ठेवायची. बिलाच्या तळाशी बचत छापून आली, सहाशे चाळीस रुपये. मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. म्हणालो, “आमचा हिशोबनीस.”

घरातलं सगळ्यांत चांगलं गणित ज्या डोक्यात आहे, त्या डोक्याला मी आठ रुपयांच्या कामाला लावलं होतं आणि त्याचं कौतुकही करत होतो.

रात्री सामान लावून झाल्यावर टेबलावर बिल आणि यादी पडली होती. यादी तिच्याच अक्षरातली, एका छापील कागदाच्या पाठीवर केलेली. मी सहज कागद उलटला. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाचं ते पान होतं. तिनं मुद्दाम त्या कागदावर यादी केली की घरात दुसरा कोरा कागद नव्हता, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या निर्णयात काय आहे ते सरळ सांगतो, कारण मोहल्ल्यात निम्म्या लोकांना अजून माहीत नाही. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी आहे, त्यातल्या इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मी माफी होती, २०२४-२५ पासून शंभर टक्के झाली. सरकारी कॉलेज, अनुदानित कॉलेज, विनाअनुदानित कॉलेज, सगळीकडे. पण दोन अटी आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत.

आम्ही नदाफ-पिंजारी, इतर मागासवर्गात. उत्पन्न आठ लाखांच्या खाली. मुलगी कॅपमधून जाणार. म्हणजे ज्या फीसाठी मी ‘बजेटमध्ये बसत नाही’ म्हणालो होतो, ती फी भरायचीच नव्हती. मी किंमत न वाचताच ‘परवडत नाही’ म्हणून मोकळा झालो होतो. तेलाच्या पिशवीला मी जेवढा वेळ दिला, तेवढासुद्धा पोरीला दिला नाही.

आता मुलाची गोष्ट ऐका. २०२३ चा मे महिना. पुण्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाचा ‘कॅम्पस डे’ होता. सगळं घर गेलं होतं, भाड्यानं गाडी करून. गेटवर मुलाच्या गळ्यात पट्टा घातला, हातात पिशवी दिली, पिशवीत टी-शर्ट. काचेची इमारत, फिरता जिना, प्रयोगशाळेत उडणारा ड्रोन. दुपारचं जेवण त्यांच्याकडून, पनीर आणि गुलाबजाम. मला ‘सर’ म्हणून बोलावत होते. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी दिवसभर सर म्हटलं असेल. संध्याकाळी एका टेबलावर पंचवीस हजार भरून मी जागा पक्की केली.

त्या दिवशी मी एकही गोष्ट उलटून बघितली नाही. दरवर्षी फी किती वाढते, विचारलं नाही. नॅकची श्रेणी विचारली नाही. कॅपमधून सरकारी किंवा संलग्न कॉलेजात गेला तर इतर मागासवर्गीय मुलालाही शिकवणी फीत सवलत मिळते, तशी ती इथे मिळते का, विचारलं नाही. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळतं, विचारलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना सांगते की मूळ प्रमाणपत्रं संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत, आणि शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश सोडला तर फी जवळजवळ सगळी परत करायची. मी मूळ दाखला हसत हसत देऊन आलो.

वर्षाची फी एक लाख ऐंशी हजार. होस्टेल आणि मेस पंच्याण्णव हजार. चार वर्षांचे अकरा लाख, फी वाढली नाही तर. त्यासाठी अम्मीच्या पाटल्या मोडल्या आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. त्या वेळी ‘बजेट’ हा शब्द घरात एकदाही उच्चारला गेला नाही. उलट मीच म्हणालो होतो, “पोराच्या शिक्षणात हात आखडायचा नसतो.”

मुलगा वाईट नाही. अभ्यास करतो. त्या रात्री तोच म्हणाला, “अब्बा, मी शिकतोय तेच कराडला शिकवतात. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.” कराडचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, आमच्या घरापासून अठरा-वीस किलोमीटरवर. मी त्याच्या गेटासमोरून शेकडो वेळा गेलो असेन. त्या गेटावर कुणी टी-शर्ट वाटत नाही, म्हणून ते मला दिसलं नाही. सांगलीचं वालचंद १९४७ चं, पुण्याचं सीओईपी १८५४ चं. यांना गुलाबजाम वाढायची गरज पडत नाही.

आणि खरे ‘ओपन डे’ आपल्या राज्यात होत नाहीत असंही नाही. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्याची आयुका संस्था सर्वांसाठी दारं उघडते. नारायणगावजवळ खोडदला महाकाय दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं, खेड्यापाड्यातली शाळकरी पोरं बसनं येऊन बघतात. तिथे कुणी पावतीपुस्तक घेऊन बसत नाही. उंब्रजहून आपण महाबळेश्वरला जातो, जेजुरी-मोरगाव मार्गे शिर्डीपर्यंत जातो, दर्ग्याच्या उरुसाला मिरजेला जातो. आपल्या मोहल्ल्यातली एक गाडी फेब्रुवारीत पुण्याला मुली घेऊन गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आता नेहमीची उत्तरं येतील. ती मीच देत आलोय, म्हणून पाठ आहेत.

पहिलं उत्तर: फी माफ असेल, पण होस्टेल, मेस, प्रवास? बरोबर. माझ्या हिशोबानं वर्षाला साठ-सत्तर हजार लागतील. चार वर्षांचे अडीच ते पावणेतीन लाख. इतर मागासवर्गीय मुलामुलींना होस्टेल मिळालं नाही तर ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ आहे, शहराप्रमाणे वर्षाला साठ हजारांपर्यंत. जागा मोजक्या आहेत, मिळेलच असं नाही. समजा नाही मिळाली. माझ्या कपाटात चार तोळे सोनं तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेलं आहे. २०२५ मध्येच तोळ्याचा भाव लाखाला टेकला होता. म्हणजे पैसे आहेत. ते तिच्याच नावाचे आहेत. एका दिवसाच्या जेवणावळीसाठी आहेत, चार वर्षांच्या शिकण्यासाठी नाहीत, एवढाच फरक. याला ‘बजेट नाही’ म्हणत नाहीत. याला नियत म्हणतात.

दुसरं उत्तर: जमाना खराब आहे. जमाना कधी चांगला होता? आपल्या जिल्ह्यातल्या नायगावची सावित्रीबाई १८४८ मध्ये पुण्यात शिकवायला जायची तेव्हा जमाना काय फुलं टाकत होता का? आज शासनाच्या योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. अर्ध्या तिकिटात आपल्या बायका लग्नांना, उरुसांना, माहेरी जातात तेव्हा जमाना आडवा येत नाही. मुलगी कॉलेजला निघाली की येतो.

तिसरं उत्तर: जास्त शिकली तर तोडीचा मुलगा मिळत नाही. हे उत्तर सगळ्यांत प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. मुलगे कमी शिकतात हा मुलग्यांचा प्रश्न आहे. त्यावरचा इलाज मुलग्यांना शिकवणं हा आहे. वर्गातला एक मागे पडतो म्हणून दुसरीला बाकावरून उठवणारा मास्तर आपण शाळेत ठेवून घेतला असता का?

चौथं उत्तर मजहबच्या नावानं येतं, आणि ते देणाऱ्यांची मला कमाल वाटते. जलशात इल्मची फजीलत सांगताना चीनपर्यंत जाण्याची ती रिवायत हमखास येते. हदीसचे जाणकार तिला कमजोर मानतात, ते बाजूला ठेवू. ऐकणारे सगळे माना डोलावतात. घरी येऊन तेच लोक मुलीला सांगलीला पाठवत नाहीत. व्हॉट्सॲपवर फातिमा अल-फिहरीचा फोटो नसलेला फोटो फिरतो. मोरोक्कोत ८५९ मध्ये तिनं अल-करावीन उभारलं अशी परंपरा आहे, ती वाचून आपण ‘माशाअल्ला’ टाकतो. तिनं आपल्या बापाचा वारसा त्या कामी लावला, असं तीच परंपरा सांगते. आपल्याकडे मुलीचा वारसा म्हणजे वाटण्या होताना तिच्याकडून घेतलेली सही. वहीची सुरुवातच ‘इक्रा’नं झाली, ‘वाच’. तो हुकूम फक्त पोरांसाठी उतरल्याचं मला तरी कुणी दाखवलेलं नाही.

इथवर वाचून काही बिगर-मुस्लिम वाचक मनात म्हणत असतील, बघा, हे लोक मुलींना शिकवतच नाहीत, आता स्वतःच कबूल करतायत. त्यांनाही दोन शब्द. माझ्या दुकानासमोर ज्यांची शेती आहे, ज्यांचं हॉटेल आहे, ज्यांचं मेडिकल आहे, त्यांच्या घरांतही मुलगा पुण्याच्या ‘कॅम्पस’ला आणि मुलगी जवळच्या कॉलेजला, हाच हिशोब मी चाळीस वर्षं बघतोय. त्यांच्या गाडीतही हीच चर्चा होते, फक्त अम्मीच्या जागी आजी असते. फरक एवढाच की त्यांनी तसं केलं तर ती घरची अडचण ठरते आणि मी केलं तर माझा मजहब ठरतो.

आणि सरकारलाही सोडायचं कारण नाही. २०१४ मध्ये मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयानं त्याच वर्षी शिक्षणापुरतं ते राहू दिलं होतं. पुढच्या सरकारनं त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश मेला. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्रानं २०२२ मध्ये बंद केली. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. देशाच्या लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेनुसार चौदा टक्क्यांच्या वर, आणि केंद्राच्याच २०२०-२१ च्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. हे सगळं बोललंच पाहिजे, मी बोलत आलोय. पण या यादीआड मी लपू शकत नाही. जे दिलं नाही त्याबद्दल मी सरकारला शिव्या देत होतो, तेव्हा जे दिलंय त्याचा कागद माझ्याच टेबलावर साबणाच्या यादीखाली पालथा पडला होता.

या दिलेल्यातही फुकट काही आलेलं नाही. १९९४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्रानं मुस्लिम कारागीर जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती खुल्या केल्या, त्यामागे शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. दिलीपकुमारसारखा नट त्या चळवळीच्या व्यासपीठावर उभा राहिला. त्याचं आपण काय केलं? निम्म्या घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं आहे, जात लिहिलेलीच नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, नदाफ, मुलाणी, शिकलगार, सगळ्यांची हीच रड. जातीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो शोधायला आजोबांचा शाळेचा उतारा, गाव नमुना, जन्म-मृत्यूची नोंद काढावी लागते. मग नॉन क्रीमी लेयर, मग पडताळणी. हे काम मुलगी दहावीत असताना सुरू करायचं असतं. आपण ते बारावीच्या निकालानंतर सुरू करतो आणि तारीख गेली की म्हणतो, आपल्याला कोण देतंय. मुलाच्या वेळी मी पडताळणी करून घेतली नव्हती. मुलीच्या वेळी झालीय, पण ती मी केलेली नाही. अकरावीत असताना तिनं आणि तिच्या आईनं चार हेलपाटे घालून केली. मी सह्या केल्या, कशावर ते न वाचता.

आपण कुठल्या मातीत राहतो तेही विसरू नये. कराड तालुक्यातल्या काले गावात १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला बसायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, लोकांच्या पोरांसाठी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं त्यालाही शंभरावर वर्षं झाली. ज्या पट्ट्यात एका बाईनं परक्या पोरांसाठी सोनं मोडलं, त्याच पट्ट्यात मी पोटच्या पोरीसाठी ठेवलेलं सोनं तिच्या पुस्तकांना लावू की जेवणावळीला, या विचारात बसलो होतो.

त्या रात्री मी मिरजेला धाकट्या बहिणीला फोन केला. १९९९ मध्ये तिला बारावीला आमच्या घराण्यात कुणाला पडले नव्हते एवढे मार्क पडले होते. वडील म्हणाले, परवडत नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, दुकानात बसायला लागलेला. माझ्याकडे कुणी मत विचारलं नव्हतं, पण मी दिलंही नाही. तिचं लग्न झालं. आज ती गल्लीतल्या बायकांचे बँकेचे फॉर्म भरून देते, बचत गटाचा हिशोब ठेवते, शिवणकाम करते. मी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भाईजान, माझ्या वेळी अब्बांकडे खरंच पैसे नव्हते. म्हणून मी कधी कुणावर रागावले नाही. तुझ्याकडे आहेत.”

याच्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

बी.एस्सी. वाईट नाही. घरून ये-जा करून शिकणंही वाईट नाही. कितीतरी मुली तसंच शिकून पुढे गेल्यात. तिनं ते मागितलं असतं तर मी आनंदानं दिलं असतं. पण तिनं ते मागितलं नव्हतं. स्वस्त पडेल ते तिच्या टोपलीत मी टाकत होतो, आणि तेही स्वस्त आहे का हे न बघता.

सोमवारी सकाळी मी दुकान उशिरा उघडलं. तिच्याशेजारी बसून कॅपचे सगळे कागद वाचले, पहिल्या ओळीपासून. पसंतीक्रम तिनं लावायचा असं ठरलंय. त्यात मी बोट घालणार नाही. अम्मी अजून धुसफुसते. मी तिला एवढंच म्हणालो, “अम्मी, पुढच्या वेळी डोळे दाखवायला बाप्या डॉक्टर चालेल का?” ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं नातीला विचारलं, सांगलीला थंडी किती पडते.

नंबर कुठे लागेल मला ठाऊक नाही. लागणारही नाही कदाचित तिला हवा तिथे. ते तिच्या पर्सेंटाइलवर ठरेल, माझ्या तोंडातल्या एका शब्दावर नाही, एवढं झालं.

आता तुमच्याकडे मागणं एकच. पुढच्या महिन्याची यादी कराल तेव्हा त्याच कागदावर तीन आकडे लिहा. मुलाच्या शिक्षणाला आजवर किती गेले. मुलीच्या लग्नासाठी किती ठेवलेत. आणि मुलीच्या शिक्षणाला खरोखर किती लागतात, सवलती वजा करून, कागद वाचून, ऐकीव नाही. तिन्ही आकडे घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, तूरडाळीचा भाव वाचता तसे. मुलगी समोर बसलेली असू द्या. मग ‘बजेटमध्ये बसत नाही’ हे वाक्य तिच्याकडे बघून म्हणता येतं का, ते करून बघा.